हॉलमध्ये भरपूर उजेड, त्यात गेमिंग आणि चित्रपट. मग टीव्ही कोणता घ्यावा? समजून घ्या आकड्यांमागचे गणित

शोरूममध्ये झगमगणारा टीव्ही घरी आल्यावर दुपारी फिका का दिसतो? '४के', 'क्यूएलईडी', '१२० हर्ट्झ' यांतले नेमके काय कामाचे? पैसे भरण्याआधी हे वाचा.

नवा टीव्ही घ्यायचा म्हटले की घरात पहिला प्रश्न असतो, किती इंची? दुसरा प्रश्न, हप्ता किती बसणार? आपल्या हॉलमध्ये दुपारी उजेड किती असतो, हा प्रश्न मात्र बहुतेकांना टीव्ही भिंतीवर चढल्यानंतरच पडतो. तोवर बॉक्स फुटलेला असतो आणि 'उजेडात दिसत नाही' हे कारण परतीसाठी सहसा चालत नाही.

धाराशिव जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. इथली जुनी माळवदाची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि मोजक्या खिडक्यांची. भर उन्हाळ्यातही आत अंधार आणि गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात याच भिंती उमरगा, लोहारा भागात माणसांवर कोसळल्या. त्यानंतर अनेक गावे नव्या जागी वसली आणि विटा, ब्लॉक, सिमेंटची घरे उभी राहिली. जिल्ह्यात इतरत्रही माळवदाची जागा हळूहळू स्लॅबने घेतली. आजचा हॉल म्हणजे मोठी स्लायडिंग खिडकी, पांढरा रंग आणि चकाकणारी फरशी. राहायला उत्तम, पण टीव्हीसाठी सगळ्यात अवघड जागा. कारण खिडकीतून आलेला प्रकाश भिंत आणि फरशीवरून उसळून थेट पडद्यावर येतो.

उजेडात चित्र फिके का पडते?

टीव्हीचा काळा रंग म्हणजे खरे तर प्रकाशाचा अभाव. पडद्याने तिथे प्रकाश द्यायचाच नसतो. पण खोलीतला प्रकाश पडद्यावर आपटून परत आला की तो काळा भाग करडा दिसतो. रात्रीचा प्रसंग असलेला चित्रपट किंवा गेममधली अंधारी गल्ली दुपारी दिसत नाही, ती यामुळेच.

हे एका ठोकळ हिशेबाने पाहू. पडद्यावर पडणारा प्रकाश 'लक्स'मध्ये मोजतात आणि पडद्यातून बाहेर येणारी चमक 'निट्स'मध्ये. समजा दुपारी पडद्यावर ५०० लक्स प्रकाश पडतो आणि पडदा त्यातला २ टक्के विखरून परत पाठवतो. म्हणजे काळ्या भागावर आपोआप सुमारे ३ निट्सचा उजेड चढतो. आता तीन शक्यता बघा.

• साधा ३०० निट्सचा टीव्ही, खिडकी उघडी: पांढरा आणि काळा यांतला फरक सुमारे १०० पट.

• महागडा ९०० निट्सचा टीव्ही, खिडकी उघडी: फरक सुमारे ३०० पट.

• तोच साधा ३०० निट्सचा टीव्ही, पण जाड पडदा ओढून प्रकाश १०० लक्सवर आणला: फरक ४०० पटीच्याही वर.

म्हणजे तिप्पट चमकदार टीव्हीने जे साधले नाही, ते खिडकीच्या पडद्याने साधले. टीव्हीसाठी जादा पैसे मोजण्याआधी खोलीवर थोडा खर्च करा, हा या हिशेबाचा अर्थ. मात्र दिवसभर पडदे ओढून बसणे प्रत्येक घरात शक्य नसते. हॉलमध्येच मुलांचा अभ्यास असतो, पाहुणे येतात, वारा हवा असतो. अशा घरात टीव्हीची चमक खरोखर कामी येते.

आधी खोली तपासा, हातातल्या मोबाईलने

बहुतेक स्मार्टफोनमध्ये समोरच्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. 'लक्स मीटर' प्रकारचे एखादे मोफत ॲप घ्या. टीव्ही लावायच्या भिंतीला फोनची पाठ टेकवा आणि स्क्रीन खोलीकडे ठेवून आकडा बघा. हे मोजमाप प्रयोगशाळेतले नसते, पण अंदाजाला पुरते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा तीन वेळा मोजा.

• १०० ते १५० लक्सच्या आत: जवळपास कोणताही चांगला टीव्ही चालेल.

• २०० ते ५०० लक्स: चमक आणि परावर्तन यांकडे लक्ष द्यावेच लागेल.

• त्याहून जास्त: आधी जागा बदला किंवा पडदे लावा, मग टीव्हीचे बघा.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. टीव्ही लावायच्या जागी एक आरसा धरायला सांगा आणि तुम्ही सोफ्यावर बसा. आरशात खिडकी, दार किंवा ट्यूबलाइट दिसली, तर टीव्हीच्या काचेतही ती दिसणार. भिंत दिसली, तर जागा योग्य.

भिंत कोणती निवडावी?

खिडकीच्या बरोबर समोरची भिंत टाळा. तिथे खिडकीचे प्रतिबिंब पडद्यात दिसते. खिडकीच्या शेजारची, म्हणजे त्याच भिंतीवरची जागाही नको. बाहेरच्या उजेडामुळे डोळ्यांची बाहुली आकसते आणि टीव्ही आहे त्याहून मंद वाटतो. खिडकीशी काटकोनात असलेली बाजूची भिंत सर्वांत चांगली.

इथे सूर्याचे गणितही लक्षात ठेवा. धाराशिव शहर सुमारे १८.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही आणि जागा सुरक्षित वाटते. पण डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही सुमारे ४८ अंशांवरच असतो. तेव्हा त्याच खिडकीतून ऊन खोलीत आतवर येते. उन्हाळ्यात जागा ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी चारनंतरचे तिरपे ऊन बारा महिने ठरलेले. कोणत्याही टीव्हीवर थेट ऊन पडू देऊ नका. पडद्याची हानी होऊ शकते आणि ओएलईडी टीव्हीला त्याचा धोका जास्त.

खिडकीला आतून जाड पडदा आणि बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेट असा जोड लावला, तर उजेडाबरोबर उष्णताही कमी होते. मे महिन्यात त्याचा फायदा टीव्हीपेक्षा माणसांना जास्त.

खोक्यावरचे शब्द: कामाचे कोणते?

४के: पडद्यावरील ठिपक्यांची संख्या. ४३ इंचांपासून पुढे बहुतेक टीव्ही ४केच असतात. त्यामुळे केवळ '४के आहे' म्हणून जादा पैसे देण्याचे कारण नाही. ४के असल्याने टीव्ही उजेडात चांगला दिसेल, असेही नाही.

क्यूएलईडी: नाव ओएलईडीसारखे वाटते, पण हा एलईडी दिव्यांवर चालणारा एलसीडी पडदाच. क्वांटम डॉटच्या थरामुळे रंग अधिक गडद दिसतात. पण स्वस्त क्यूएलईडीची चमक साध्या टीव्हीएवढीच असू शकते. निट्सचा आकडा विचारा.

मिनी एलईडी: पडद्यामागे शेकडो किंवा हजारो बारीक दिवे असतात. त्यांचे गट करून हवे तिथे उजळ, नको तिथे मंद करता येतात. उजेडाच्या खोलीत गेमिंग आणि चित्रपट दोन्ही करायचे असतील, तर आज सर्वांत समतोल पर्याय हाच. किती गट, म्हणजे 'डिमिंग झोन' आहेत, ते विचारा. झोन मोजकेच असतील तर अंधारात पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसते.

ओएलईडी: प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण बंदही होतो. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहण्यात याला तोड नाही. पण संपूर्ण पडदा पांढरा झाला, की हे टीव्ही चमक आपोआप कमी करतात. क्रिकेटचे उजळ मैदान दाखवताना हे जाणवू शकते. शिवाय एकच स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटण्याचा धोका असतो. घरात दिवसभर बातम्यांची चॅनेल सुरू असतील आणि खाली 'ब्रेकिंग'ची पट्टी फिरत असेल, किंवा रोज चार तास एकच गेम खेळला जात असेल, तर हा विचार करूनच निर्णय घ्या.

व्हीए आणि आयपीएस: हे एलसीडी पडद्याचे दोन मुख्य प्रकार. व्हीएमध्ये काळा रंग अधिक गडद, आयपीएसमध्ये बाजूने पाहिले तरी रंग टिकतात. भर उजेडात काळ्या रंगातला फरक फारसा कळत नाही, कारण खोलीच्या प्रकाशानेच तो करडा झालेला असतो. रात्री मात्र तो लगेच कळतो. घरातली अर्धी मंडळी दिवाणावर, अर्धी बाजूच्या खुर्च्यांवर बसत असतील तर आयपीएस सोयीचा. सगळे समोर बसत असतील तर व्हीए.

'पीक ब्राइटनेस' हा आकडा अनेकदा पडद्याच्या छोट्या भागापुरता आणि काही क्षणांपुरता असतो. उजेडाच्या खोलीसाठी पूर्ण पडद्याची, सलग टिकणारी चमक महत्त्वाची. खोलीत ५०० लक्सच्या आसपास प्रकाश राहणार असेल, तर ६०० निट्स किंवा त्याहून अधिक चमक देणारा टीव्ही शोधा.

गेमिंगसाठी काय पाहावे?

गेमिंग म्हणजे नेमके कशावर खेळणार, हे आधी ठरवा.

कन्सोल किंवा गेमिंग संगणक: प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत देऊ शकतात. त्यासाठी टीव्हीचा पडदा खरोखर १२० हर्ट्झचा आणि पोर्ट एचडीएमआय २.१ असावा लागतो. जुन्या एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, तर २.१ ची ४८ गिगाबिटपर्यंत. 'एचडीएमआय २.१' एवढेच लिहिलेले पुरेसे नाही. '४के, १२० हर्ट्झ' असे स्पष्ट लिहिलेले पाहा.

इथेच जाहिरातीची खरी गंमत आहे. 'मोशन रेट १२०' अशा नावांचा अर्थ अनेकदा '६० हर्ट्झचा पडदा आणि सॉफ्टवेअरची कसरत' असा असतो. 'डीएलजी' किंवा 'एचएसआर १२०' असे लिहिले असेल, तर पडदा मूळचा ६० हर्ट्झचा आहे आणि १२० गाठताना तो उभ्या दिशेची स्पष्टता निम्मी करतो, असे समजा. स्वस्त टीव्हीत ही सोय वाईट नाही, पण तिला खरे ४के १२० म्हणता येत नाही.

अनेक टीव्हींमध्ये पूर्ण क्षमतेचे पोर्ट दोनच असतात आणि त्यातलाच एक साउंडबारसाठीचा 'ईआर्क' असतो. साउंडबार लावला की कन्सोलसाठी एकच पोर्ट उरतो. दोन कन्सोल असलेल्यांनी हे आधीच मोजून घ्यावे.

इनपुट लॅग: बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. टीव्ही चित्र 'सुधारत' बसला, तर हा उशीर कित्येक फ्रेमचा होतो आणि समोरचा खेळाडू आधी गोळी मारतो. 'गेम मोड' हे काम टाळून उशीर कमी करतो. 'एएलएलएम' असेल तर कन्सोल सुरू होताच गेम मोड आपोआप लागतो. 'व्हीआरआर'मुळे गेमचा वेग कमी-जास्त झाला तरी चित्र फाटत नाही.

एक गोष्ट दुकानात कोणी दाखवत नाही. काही टीव्ही गेम मोडमध्ये गेल्यावर मंद होतात किंवा त्यांचे डिमिंग सौम्य होते. तेव्हा चमक गेम मोड लावूनच तपासा.

मोबाईलवर खेळणारे: बीजीएमआयसारखे गेम मोठ्या पडद्यावर हवे असतील, तर वायफायवरून स्क्रीन टाकल्यास उशीर जाणवणारच. यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल लावता येते, पण त्यासाठी फोनच्या पोर्टमधून चित्र बाहेर येण्याची सोय हवी. अनेक स्वस्त फोनमध्ये ती नसते. फोनची माहिती पाहिल्याशिवाय केबल घेऊ नका. आणि खेळ फक्त मोबाईलवरच होणार असेल, तर १२० हर्ट्झच्या टीव्हीसाठी जादा पैसे देण्याची गरज नाही. ते पैसे चमकेवर घाला.

चित्रपटांसाठी काय पाहावे?

बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतात. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही. त्यामुळे ६० हर्ट्झच्या काही टीव्हींवर कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळते. ते लपवायला टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो. मग चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा किंवा अगदी कमी ठेवा. 'फिल्ममेकर मोड' ती आपोआप बंद करतो.

एचडीआरमध्ये उजळ भाग अधिक उजळ आणि गडद भागातले बारकावे अधिक दिसतात. पण हे चित्र मुळात मंद उजेडाची खोली धरून तयार केलेले असते. म्हणून दुपारी एचडीआर चित्रपट साध्यापेक्षाही काळोखा वाटू शकतो. ज्या टीव्हीत खोलीचा प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि 'डॉल्बी व्हिजन आयक्यू'सारखी सोय आहे, तो गडद प्रसंग त्यानुसार उजळवतो. सॅमसंगच्या टीव्हींमध्ये डॉल्बी व्हिजन नसते, त्याऐवजी एचडीआर १० प्लस असते. केवळ या कारणाने टीव्ही घ्यावा किंवा सोडावा असे नाही. ३०० निट्सच्या टीव्हीवर दोन्हींचा परिणाम मर्यादितच असतो.

इंटरनेटचेही पाहा. ४के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस किंवा त्याहून अधिक वेग सुचवते. गावात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालणार असेल, तर अनेकदा चित्र त्याहून खालच्या दर्जाचेच येईल.

किती इंची घ्यावा?

चित्रपटासाठी साधारण नियम असा: टीव्हीच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसावे. ४३ इंची टीव्हीसाठी हे अंतर सुमारे ४.३ ते ५.७ फूट, ५५ इंचीसाठी ५.५ ते ७.३ फूट. आपल्याकडच्या १० बाय १२ च्या हॉलमध्ये बसायचे अंतर सात-आठ फूट असते, म्हणजे ५५ इंची मोठा ठरत नाही. पण पैसे मर्यादित असतील आणि खोली उजेडाची असेल, तर मंद ५५ इंचीपेक्षा चमकदार ५० इंची अधिक समाधान देईल.

किंमत, कर आणि हप्ता

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हींवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. करपूर्व ४०,००० रुपयांचा टीव्ही पूर्वी ५१,२०० रुपयांना पडत असेल, तर नव्या दराने तो ४७,२०० रुपयांना पडतो. बिलावर कराचा दर तपासून घ्या. वाचलेले चार हजार रुपये चांगले पडदे आणि सर्ज प्रोटेक्टर यांसाठी पुरतात.

'नो-कॉस्ट ईएमआय' घेताना एक प्रश्न नक्की विचारा: रोख दिले तर किती कमी होतील? रोखीवरची सूट हप्त्यात मिळत नसेल, तर ती रक्कम म्हणजेच तुमचे व्याज. वर प्रोसेसिंग फी असते ती वेगळी.

विजेचा खर्चही चमकेबरोबर वाढतो. समजा टीव्ही सरासरी १२० वॅट घेतो आणि रोज पाच तास चालतो, तर महिन्याला १८ युनिट होतात. खोली थोडी अंधारी केली तर चमक कमी ठेवता येते आणि युनिटही वाचतात.

वीज, विजा आणि सर्व्हिस

टीव्हीच्या मागे किती व्होल्टवर चालतो ते लिहिलेले असते. १०० ते २४० व्होल्ट असेल तर कमी दाबाची फारशी चिंता नाही. तुमच्या भागात दाब वारंवार त्याच्या वर जात असेल तर स्टॅबिलायझर लावा. मे-जून महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडू लागल्या, की फक्त स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची आणि इंटरनेटची केबलही काढा.

ऑनलाइन स्वस्त मिळाला तरी सर्व्हिस कुठून मिळणार, ते आधी विचारा. तंत्रज्ञ धाराशिव, कळंब, परंडा किंवा उमरग्यात घरी येणार, की सोलापूर-लातूरला टीव्ही न्यावा लागणार? ५५ इंची टीव्ही आडवा टाकून टेम्पोतून नेणे म्हणजे पडदा फुटण्याला आमंत्रण, आणि फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. डिलिव्हरीवेळी बॉक्स उघडण्यापासून टीव्ही सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार टीव्ही कुठूनही घेतला असला, तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

दुकानात या सहा गोष्टी करा

१. टीव्ही बंद करायला सांगा. काळ्या पडद्यात वरची ट्यूबलाइट किती स्पष्ट दिसते ते बघा. दोन टीव्ही शेजारी असतील तर फरक लगेच कळतो.

२. 'स्टोअर मोड' काढून 'होम मोड' लावायला सांगा. घरी हेच चित्र दिसणार आहे.

३. पेनड्राइव्हवर तुमच्या आवडीचा एक अंधारा आणि एक उजळ प्रसंग न्या. दुकानाच्या व्हिडिओवर जाऊ नका, ते टीव्ही विकण्यासाठीच बनवलेले असतात.

४. गेम मोड लावून चमक पुन्हा पाहा.

५. मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. नाव सारखे असले तरी क्रमांकातल्या एका अक्षराने पडदा बदलू शकतो. कंपनीच्या संकेतस्थळावर निट्स, हर्ट्झ आणि पोर्ट जुळवा.

६. घरी बसता तिथून, म्हणजे थोडे बाजूने आणि थोडे खालून, उभे राहून आणि बसून बघा.

थोडक्यात काय?

दिवसा पडदे ओढणे शक्य आणि पाहणे मुख्यतः रात्री: व्हीए पडद्याचा साधा, चांगला ४के टीव्ही पुरे. बजेट जास्त असेल तर ओएलईडी.

दिवसा उजेड राहणारच आणि कन्सोलही आहे: जास्त झोनचा, खऱ्या १२० हर्ट्झचा मिनी एलईडी.

दिवसा उजेड आहे, पण गेम फक्त मोबाईलवर: ६० हर्ट्झ चालेल, चमक मात्र जास्तीत जास्त घ्या.

आणि यापैकी काहीही ठरवण्याआधी, उद्या दुपारी दोन वाजता टीव्हीच्या जागी एकदा आरसा धरून बघा.